जुन्या वह्यांचे ओझे कोणाला?

लक्ष्मीपूजनाला नव्या वहीची पूजा करणारा आपला व्यापारी वर्ग जुन्या वहीचे पुढे काय करतो, याचा शोध घेतला तर हाती फारसे लागत नाही. रिझर्व्ह बँकेचे अभिलेखागार १९८१ मध्ये आणि टाटा समूहाचे १९९१ मध्ये सुरू झाले; गोदरेजने २००६ मध्ये मुंबईत तशी व्यवस्था केली. देशातील उद्योगांचा पसारा पाहता हे अपवादच म्हणावे लागतील. जर्मनीतील क्रुप कंपनीने असा संग्रह १९०५ मध्येच स्थापन केला होता.

या अनास्थेचे कारण केवळ खर्च नव्हे. कंपनी कायदा, २०१३ नुसार हिशेबाची पुस्तके किमान आठ आर्थिक वर्षे जपावी लागतात. व्यवहारात ही किमान मर्यादाच कमाल ठरते आणि मुदत संपताच कागद रद्दीत जातात. सार्वजनिक अभिलेख कायदा, १९९३ केंद्र सरकार आणि त्याच्या उपक्रमांपुरता आहे. खासगी कंपन्या त्याच्या कक्षेबाहेर राहतात. थोडक्यात, जपणाऱ्याला लाभ नाही आणि नष्ट करणाऱ्याला जाब नाही.

दुसरे कारण भीतीचे. अमेरिकेत १९९८ मध्ये तंबाखू कंपन्यांनी ४६ राज्यांशी तडजोड केली, तेव्हा त्यांची अंतर्गत कागदपत्रे खुली करणे त्यांना भाग पडले. धूम्रपानाच्या धोक्यांविषयी या कंपन्यांना किती आधीपासून माहिती होती, हे त्यातून जगासमोर आले. ‘जो कागद अस्तित्वातच नाही, तो न्यायालयात सादर होत नाही,’ असा धडा विधी सल्लागारांनी त्यातून घेतला तर नवल नाही. कुटुंबाच्या मालकीच्या उद्योगांत त्यात वाटणीच्या जुन्या वादांची धास्ती मिसळते.

पण हा हिशेब एकांगी आहे. बोधचिन्ह कायदा, १९९९ मध्ये आधीपासून सातत्याने चिन्ह वापरणाऱ्यास संरक्षण आहे. मात्र तो वापर सिद्ध करायचा तर जुनी बिले आणि जाहिरातीच लागतात. कागद नष्ट करणारी कंपनी आपल्या विरोधातील पुराव्याबरोबर आपल्या बाजूचा पुरावाही गमावते.

शिवाय हे कागद एकट्या मालकाचे नसतात. मुंबईतील गिरण्या १९८२ च्या संपानंतर एकामागून एक बंद पडल्या. घरासाठी अर्ज करणाऱ्या कामगाराला वा त्याच्या वारसाला गिरणीत काम केल्याचा पुरावा द्यावा लागतो. हजेरीपट हरवला, तर इतिहासकाराचे साधन जाते आणि त्या कुटुंबाचा हक्कही अडचणीत येतो.

सक्तीने हा प्रश्न सुटणार नाही; सक्तीची चाहूल लागताच उरलेले कागदही नाहीसे होतील. वालचंद हिराचंद आणि पुरुषोत्तमदास ठाकुरदास यांची कागदपत्रे दिल्लीच्या नेहरू स्मारक संग्रहालय व ग्रंथालयात (आताचे पंतप्रधान संग्रहालय) अभ्यासकांसाठी जतन झाली, हा मार्ग अधिक आश्वासक आहे. ठरावीक वर्षे कागद बंद ठेवण्याची हमी कंपन्यांना मिळाली, तर भीती कमी होईल. विदा संरक्षण कायदा, २०२३ मध्ये अभिलेख जतनासाठी सवलतीची तरतूद आहेच. सामाजिक दायित्व निधीतून राष्ट्रीय वारशाच्या जतनास मुभा आहे. त्यात सार्वजनिक अभिलेखागारांतील उद्योगांची कागदपत्रेही येतात, एवढे स्पष्टीकरण सरकारने द्यावे.

उदारीकरणाला तीन दशके उलटली. त्या काळातील निर्णय घेणारे निवृत्त होत आहेत आणि त्यांचा पत्रव्यवहार बंद पडलेल्या संगणकांत अडकला आहे. तो आज वाचवला नाही, तर भारतीय उद्योगाचा इतिहास उद्या केवळ वार्षिक अहवालांच्या गुळगुळीत पानांवरून लिहावा लागेल.