जयगड : खाडीच्या मुखावरचा किल्ला, खाडीकाठचे ताट

गणपतीपुळ्याचे दर्शन आणि मालगुंडचे केशवसुत स्मारक पाहून बहुतेक पर्यटक परतीची वाट धरतात. उत्तरेकडचे जयगड त्यामुळे अनेकदा पाहायचे राहून जाते. वास्तविक कोकणच्या सागरी व्यापाराचा इतिहास जिथे एका नजरेत उलगडतो, अशा मोजक्या जागांपैकी ही एक.

शास्त्री नदी येथे अरबी समुद्राला मिळते. पठाराच्या आडोशामुळे पावसाळी वाऱ्यांपासून गलबतांना या खाडीत आसरा मिळे. खाडीची वाट पुढे थेट संगमेश्वराकडे जाते. साहजिकच खाडीचे मुख ज्याच्या हाती, त्याच्या हाती व्यापाराची नाडी. म्हणूनच सोळाव्या शतकात विजापूरकरांच्या काळात येथे दुर्ग उभा राहिला. पुढे तो संगमेश्वरच्या नाईकांकडे गेला. १७१३ मध्ये शाहू महाराजांशी झालेल्या तहानंतर तो कान्होजी आंग्रे यांच्याकडे आला आणि १८१८ मध्ये इंग्रजांनी घेतला.

बांधकाम टिकेना, तेव्हा जयबा नावाच्या तरुणाने स्वतःचा बळी दिला आणि त्यावरून गडाला नाव पडले, अशी आख्यायिका आहे. पठारावरील बालेकिल्ला, त्याचा खंदक, बुरूज आणि आतले गणेशमंदिर आजही पाहता येते. तटावरून खाडीचे मुख दिसते आणि जागेची निवड आपोआप समजते.

ज्या गुणांमुळे किल्ला झाला, त्यांनीच आधुनिक बंदरही येथे आणले. खासगी बंदर २००९ मध्ये सुरू झाले. जवळच १२०० मेगावॅटचा औष्णिक वीजप्रकल्प आहे. मालवाहू जहाजे आणि मच्छीमारांच्या होड्या आता एकाच पाण्यात वावरतात. या पाण्याचे आरोग्य हा येथील पर्यटनाचाही प्रश्न आहे, कारण पाहुण्याचे ताट त्यावरच अवलंबून आहे.

त्या ताटात तांदळाची भाकरी, ओल्या नारळाच्या वाटणाचे कालवण, तळलेली तुकडी आणि सोलकढी असते. बांगड्यासारख्या तेलकट माशाच्या आमटीत तिरफळ पडते. त्याचा उग्र सुवास माशाचा वास मारतो. आंबटपणासाठी आमसूल. शाकाहारी पाहुण्यांसाठी कुळथाचे पिठले, फणसाची भाजी आणि उकडीचे मोदक आहेतच.

मात्र १ जून ते ३१ जुलै या काळात यांत्रिक नौकांना मासेमारीस बंदी असते. माशांच्या प्रजननाचा हा हंगाम, शिवाय समुद्रही खवळलेला. तेव्हा ताज्या सुरमईचा हट्ट न धरता सोडे, सुकट आणि सुका बांगडा चाखावा. कोकणी घरांतही पावसाळ्याची बेगमी हीच असते.

कसे जाल?
रत्नागिरी हे कोकण रेल्वेचे सोयीचे स्थानक. तेथून रस्त्याने गणपतीपुळेमार्गे जयगड गाठता येते. गुहागरकडून येणाऱ्यांना तवसाळहून वाहनांसह फेरीबोटीने खाडी ओलांडता येते. सकाळी किल्ला, दुपारी जेवण, नंतर दीपगृहाचा परिसर आणि सायंकाळी नांदिवडे येथील समुद्रकाठचे कऱ्हाटेश्वर मंदिर, असा एका दिवसाचा बेत आखावा. पावसात तटाचे दगड निसरडे होतात. बुरुजांवर जपून चढावे.