कच्चा खिमा आणि घरची जनावरे

संध्याकाळच्या वेळी मटणाच्या दुकानासमोर उभ्या असलेल्या गिऱ्हाइकांत एखादे तरी असे असते, की जे घरासाठी मटण घेऊन झाल्यावर "कुत्र्यासाठीही थोडे द्या" असे सांगते. खाटीक मग ठोकळ्यावर उरलेली छाट आणि फुप्फुसाचा एखादा तुकडा यंत्रातून काढतो आणि तो लालसर गोळा बांधून देतो. घरी गेल्यावर तो तसाच बशीत पडतो. जनावर क्षणार्धात तो फस्त करते, बशी चाटूनपुसून स्वच्छ करते. आणि मुक्या जिवाला त्याच्या निसर्गाला साजेसे अन्न दिले, याचे मालकाला समाधान वाटते. या समजुतीत अर्धे सत्य आहे. उरलेले अर्धे मात्र जनावराला व घरातील माणसांनाही महाग पडण्यासारखे आहे.

सत्य आहे ते असे. कुत्रा हजारो वर्षे माणसाच्या सोबतीने राहून भाकरतुकडा पचवावयास शिकला. मांजराला ते पुरतेपणी साधलेले नाही. टॉरिन नावाचे एक द्रव्य मांजराच्या शरीरात पुरेसे तयार होत नाही. ते त्याला मांसातूनच मिळवावे लागते. त्याच्या अभावी मांजराचे नेत्रपटल झिजते, हे १९७५ साली, आणि हृदय दुबळे होते, हे १९८७ साली अमेरिकेतील संशोधनाने दाखवून दिले. म्हणून मांजराला केवळ दूधभातावर ठेवणे हा सात्त्विकपणा नव्हे; ती उपासमारच होय.

पण निसर्गात मांजर मांस खात नाही, ते उंदीर खाते! हा शब्दच्छल नव्हे. उंदराबरोबर त्याची हाडे, यकृत आणि रक्तही पोटात जाते. खिम्यात यांपैकी हाड नसते, आणि तिथेच हिशेब चुकतो. शंभर ग्रॅम नुसत्या मांसात कॅल्शियम जेमतेम दहा मिलिग्रॅम असते, तर फॉस्फरस दोनशे मिलिग्रॅमच्या आसपास. शरीराला ही दोन्ही द्रव्ये जवळजवळ समप्रमाणात हवी असतात. रक्तातील कॅल्शियम कमी पडू लागले, की गळ्यातील परावटू ग्रंथी जागी होते आणि हाडांच्या कोठारातून ते उपसू लागते. वाढत्या वयाच्या पिलाला काही आठवडे नुसत्या मांसावर ठेवले, तर ते लंगडू लागते, उचलून घेतले की कळवळते आणि एखाद्या दिवशी साध्या उडीनेही त्याचा पाय मोडतो. मालक म्हणतो, पडले असेल. ज्या पिलाला हाड-चरबी काढलेले निवडक मांस लाडाने मिळते, त्याच्याच वाट्याला हे दुखणे येते, हा यातील खेद. यकृताचाच रतीब लावणे हाही उपाय नव्हे. 'अ' जीवनसत्त्वाचा अतिरेक होऊन मांजराच्या मानेचे मणके एकमेकांना जखडतात.

हा झाला अपुरेपणाचा दोष. दुसरा दोष खिम्याच्या खिमेपणातच आहे. कापलेल्या मांसाच्या तुकड्यावर जंतू असतात ते मुख्यत्वे पृष्ठभागावर. तुकडा यंत्रातून निघाला, की पृष्ठभाग आणि अंतर्भाग हा भेदच उरत नाही. बाहेरचे जंतू कणाकणात मिसळतात. शिवाय एका जनावराचे दूषित मांस त्याच यंत्रातून निघालेल्या सर्व मांसाला बाधते. अनुकूल उष्णतेत असे जंतू वीस मिनिटांत दुप्पट होतात; या हिशेबाने सात तासांत एका जंतूचे वीस लाखांहून अधिक होतात. ई. कोलाय जंतूचा एक घातक प्रकार १९८२ साली अमेरिकेतील ओरेगन व मिशिगन या राज्यांत प्रथम ओळखला गेला, तोही अर्धवट शिजलेल्या खिम्याच्या टिकियांमुळे आजारी पडलेल्या माणसांतच.

यावर नेहमीचे उत्तर असे, की कुत्रा उकिरड्यावरचे खातो, त्याला काय होते? पुष्कळदा काही होत नाही, हे खरे. परंतु धोका संपतो तो त्याच्यापुरता. सॅल्मोनेला जंतू पोटात बाळगून कुत्रा ठणठणीत हिंडतो आणि ते विष्ठेवाटे बाहेर टाकीत राहतो. तोंडाला लागलेले जंतू तो चाटेल तेथे पोहोचतात. रांगणारे मूल त्याच्या गळ्यात पडते, त्याच्या बशीत हात घालते आणि तोच हात तोंडात घालते. ज्या सुरीने खिमा सारखा केला, त्याच सुरीने कोशिंबिरीची काकडी चिरली जाते. कच्च्या मांसातून मांजराला टॉक्सोप्लाझ्मा या परजीवीची बाधा झाली, तर तिचे बीज काही दिवस त्याच्या विष्ठेतून पडते, आणि गर्भवतीच्या उदरातील बालकाला त्यापासून भय असते.

यकृत-फुप्फुसाच्या छाटीत आणखी एक संकट दडलेले असते. मेंढ्यांच्या या अवयवांत पाण्याने भरलेल्या गाठी असतात. कुत्र्याने त्या कच्च्या खाल्ल्या, की त्याच्या आतड्यात काही मिलिमीटर लांबीचे पट्टकृमी वाढतात. त्यांची अंडी माणसाच्या पोटात गेली, तर तशाच गाठी माणसाच्या यकृतात धरतात. न्यूझीलंडने १९५९ साली कायदा करून या रोगाविरुद्ध देशव्यापी मोहीम उघडली. कुत्र्यांना कृमिनाशक औषध द्यावयाचे आणि कच्च्या आतड्या-काळजापासून त्यांना दूर ठेवावयाचे, हे तिचे सूत्र होते.

अलीकडे पक्ष्यांच्या इन्फ्लुएंझाची भर पडली आहे. थायलंडमधील सी राचा येथील व्याघ्रालयात २००४ साली कोंबडीचे कच्चे मांस खाऊन शेकडो वाघांत हा रोग पसरला. डिसेंबर २०२४मध्ये ओरेगनमध्ये एक पाळीव मांजर गोठविलेले कच्चे टर्की-मांस खाऊन दगावले. त्याच महिन्याच्या अखेरीस नागपूरजवळच्या गोरेवाडा येथे तीन वाघ व एक बिबळ्या मेले आणि त्यांच्यातही हाच विषाणू आढळला. तो कच्च्या मांसातून आला असावा, असा संशय व्यक्त झाला. येथे हेही ध्यानी घ्यावे, की गोठविल्याने काही परजीवी मरतात. जंतू आणि विषाणू मात्र बहुधा नुसते थबकतात. शीतकपाट म्हणजे चूल नव्हे.

मग करावे काय? मांस वर्ज्य करण्याचे कारण नाही. ते शिजवावे, इतकेच. खिमा आतपर्यंत नीट शिजू द्यावा आणि ज्या पाण्यात शिजला ते पाणी फेकून न देता त्यातच कालवावे, कारण टॉरिन त्यात उतरलेले असते. घरच्या माणसांसाठी केलेल्या खिम्यातला वाटा मात्र देऊ नये. कांदा आणि लसूण कुत्र्या-मांजरांच्या रक्तातील तांबड्या पेशींचा नाश करतात. हाडाची उणीव भरून काढण्यासाठी अंड्याचे टरफल उकळून, वाळवून, वस्त्रगाळ करावे आणि अर्धा किलो मांसाला अर्धा चहाचा चमचा या बेताने मिसळावे. शिजविलेली हाडे घालू नयेत. ती फुटून त्यांचे अणकुचीदार तुकडे आतड्याला जखम करतात. एवढ्यानेही आहार परिपूर्ण होतो असे नाही. म्हणून पिलू वाढीला लागले असता पशुवैद्याला विचारून त्याची जोड ठरवावी. बशी वेगळी ठेवावी, उरलेले लागलीच टाकावे आणि हात साबणाने धुवावेत.

जनावर आपल्या बशीतले अन्न निवडीत नाही. समोर येईल ते विश्वासाने खाते. निवड माणसाने करावयाची असते, आणि तीही बाजारातून घरी येऊन चुलीपर्यंत जाण्याइतक्याच श्रमाची आहे.