एका खोलीतील तीन इयत्ता

डिलाईल रोडवरील चाळीच्या एकाच खोलीत सहा, दहा आणि चौदा वर्षांच्या भावंडांना घरीच शिकविण्याची तजवीज करणाऱ्या पालकाने दादोबा पांडुरंग तर्खडकरांचे १८३६चे व्याकरण किंवा मोरो केशव दामल्यांचा १९११चा ‘शास्त्रीय मराठी व्याकरण’ हा भारदस्त ग्रंथ मुलांपुढे एकदम ठेवू नये. आधी स्वतः वाचावा. धाकट्याने खिडकीतून ‘बस आली, ट्रक आला’ एवढा लिंगभेद टिपला तरी पुष्कळ. मधल्याला वचन, विभक्ती. थोरलीला मात्र विचारावे, की ‘दादाने पोळी खाल्ली’ यात दादा पुरुष असून क्रियापद स्त्रीलिंगी का? पोळीच्या जागी आंबा येताच ‘खाल्ली’चे ‘खाल्ला’ होते, कर्मणी प्रयोग तिच्या ध्यानी येतो आणि व्याख्या घोकविण्याचा, माझ्या मते निरर्थक, खटाटोप वाचतो. मो. रा. वाळंबे यांचे व्याकरणाचे पुस्तक त्यानंतर खुशाल उघडावे.