ताऱ्याला पाच टोकं, जिगला पाच खिळे

पिंपळे गुरवमध्ये गुंठ्या-दीड गुंठ्याच्या प्लॉटवर तीन-तीन मजले चढवलेल्या घरांच्या गल्ल्याच गल्ल्या आहेत. समोरच्या गॅलरीतल्या माणसाशी आवाज न चढवता बोलता येईल, एवढंच दोन घरांत अंतर. या घरांना अंगण नाही. दाराबाहेर जिन्याचा चौक, चपलांचं रॅक, विजेचे मीटर आणि उंबऱ्यापुढच्या दोन फरश्या. दिवाळीची रांगोळी, गणपतीचं औक्षण, लग्नघरचं तोरण, सगळं एवढ्यातच बसवायचं. आमच्या खालच्या मजल्यावरचे काका-काकू नाताळची सजावटही याच जागेत करतात. बरीच वर्षं मी ती येता-जाता पाहत होतो. अलीकडे कामट्या धरायला, कागद कापायला खाली जाऊन बसतो.

काका मूळचे राहुरीकडचे. पिंपरीत १९५४ साली हिंदुस्थान अँटिबायोटिक्स उभी राहिली, मग चिंचवड, आकुर्डी, भोसरी करत कारखाने पसरत गेले आणि नगर, सोलापूर, मराठवाड्यातून माणसं कामाला आली. नगर जिल्ह्यात मिशनचं काम १८३१ पासूनचं. तिथली अनेक ख्रिस्ती कुटुंबंही या ओघात इकडे आली. काका आयटीआयचे फिटर. सगळी नोकरी टूलरूममध्ये झाली. बाजारात घडी घालून ठेवता येणारे प्लास्टिकचे तारे ढिगाने मिळतात, पिंपरी कॅम्पात तर नोव्हेंबरपासूनच दुकानांच्या तोंडाशी लटकलेले असतात. काकांच्या दारात तो तारा कधी लागला नाही. इथे तारा बांबूच्या कामट्यांचा, आणि तो टूलरूमच्या शिस्तीने बनतो.

कामट्या पुण्याच्या बुरूड आळीतून येतात. काका प्रत्येक कामटी हातात घेऊन वाकवून पाहतात. फार वाळलेली असेल तर परत ठेवतात, कारण पुढे ताण दिला की ती पेरापाशी चिरते. पेराची जागाही बघून घ्यायची. दोन कामट्या जिथे एकमेकींवरून जाणार तिथे पेर आलं तर सांधा नीट बसत नाही, तारा एका अंगाने फुगतो. निवडलेल्या कामट्यांच्या कडा कानशीने मारायच्या, मग पॉलिश पेपर. हे नाही केलं तर बोटात कूस जाते आणि कागदही त्याच जागी फाटतो.

एका ताऱ्याला दोन फुटी दहा कामट्या लागतात. पाच पुढच्या सांगाड्याला, पाच मागच्या. प्रत्येक कामटीवर दोन्ही टोकांपासून नऊ इंचांच्या किंचित पुढे पेन्सिलची खूण. मधे साडेपाच इंचांहून थोडं जास्त अंतर उरतं. पाच टोकांच्या ताऱ्यात रेषा एकमेकींना याच प्रमाणात छेदतात, तारा लहान असो की मोठा. प्रमाण चुकलं तर मधला पंचकोन वाकडा येतो आणि एक पाय लांब, एक आखूड असा तारा दारात लागतो. गल्लीतल्या कुणाला कारण सांगता येणार नाही, पण काहीतरी चुकलंय हे लांबूनही डोळ्यांना कळतं.

यासाठी काकांनी जिग करून ठेवलं आहे. प्लायवुडचा चौकोनी तुकडा, त्यावर साडेबारा इंचांच्या थोडं वर त्रिज्येचं वर्तुळ आणि वर्तुळावर बहात्तर-बहात्तर अंशांवर ठोकलेले पाच खिळे. कामट्या त्या खिळ्यांमध्ये एक आड एक बसवत जायच्या. खालून, वरून, खालून, अशी वीण घेत पाचवी कामटी बसली की आकार आपोआप पक्का होतो. मग टोकं बांधायची. दोरा आधी मेणाच्या तुकड्यावरून ओढून घ्यायचा, म्हणजे गाठ सरकत नाही. टूलरूममध्ये शंभर नग एकसारखे निघावेत म्हणून जिग करतात. इथे वर्षाला एकच नग निघतो, पण मुलीच्या घरचा, चुलतभावाचा, चर्चच्या फाटकावरचा असे तारे याच प्लायवुडवर बांधले गेले आहेत.

खरी गंमत दोन सांगाडे जोडताना येते. एकावर एक ठेवून फक्त पाच टोकं बांधायची. तोवर ते सपाटच असतं, हातात धरलं तर लळत लोंबतं. मग आतल्या पाच छेदांवर, दोन सांगाड्यांच्या मधे, सहा इंची काड्यांचे टेकू उभे करायचे. पहिले चार बसतात. पाचवा घालताना कामट्या अंगठ्याने ढकलून वाकवाव्या लागतात आणि तो बसताक्षणी सगळा सांगाडा एकदम ताठ होतो. ढिला म्हणून काही उरतच नाही. काका तो टेबलावर हलकेच आपटून कानाशी धरतात. आवाज बोदा आला तर कुठली तरी गाठ सैल आहे.

भूमितीतून तारा काढण्याची ही ओढ जगात इतरत्रही दिसते. जर्मनीत मोरेव्हियन पंथाच्या लोकांनी चालवलेल्या वसतिशाळेत एकोणिसाव्या शतकात मुलांना भूमिती शिकवताना कागदाचे अनेक टोकांचे तारे करवून घेत. तोच पुढे नाताळचा प्रसिद्ध हेर्नहूट तारा झाला. गोव्यात तर गावोगाव ताऱ्यांच्या स्पर्धा लागतात. पण आपल्याकडचा तारा मला आकाशकंदिलाचा सख्खा भाऊ वाटतो. तोच बुरूड, त्याच कामट्या, तोच पतंगाचा कागद आणि तीच खळ.

खळ काकू करतात. मैदा गार पाण्यात कालवून मंद आचेवर, गुठळी होऊ न देता. उतरवल्यावर चिमूटभर मोरचूद, नाहीतर माळ्यावर ठेवलेल्या ताऱ्याचा कागद झुरळं खातात. मोरचूद विषारी, ते भांडं आणि तो चमचा स्वयंपाकाला पुन्हा लावायचा नाही. कागद एकवीस तुकड्यांत लागतो: पुढचे पाच पाय आणि पंचकोन, मागचे पाच पाय, कडांचे दहा. मागचा पंचकोन उघडा ठेवायचा, दिवा तिथून आत जातो आणि ऊब बाहेर पडते. कागद अगदी किंचित ओलसर करून लावला की वाळताना स्वतःच ताणला जातो, सुरकुती राहत नाही. पूर्वी आत साठ वॉटचा बल्ब असायचा, त्याने कागद करपायचा आणि जिवाला घोर असायचा. आता पाच वॉटचा एलईडी पुरतो. माझ्या मते नाताळच्या सजावटीत एलईडीने केलेला हा सगळ्यात मोठा उपकार आहे.

आगमनकाळाच्या पहिल्या रविवारी, म्हणजे नाताळच्या आधीच्या चौथ्या रविवारी, तारा गॅलरीच्या कठड्याबाहेर काढलेल्या बांबूला लागतो. त्या संध्याकाळपासून गल्लीत रिक्षावाल्याला पत्ता सांगताना तोच सांगितला जातो.

काकूंची तयारी मात्र याच्याही बरीच आधी, ऑक्टोबरात सुरू होते आणि ती कुणाला दिसत नाही. त्यांच्याकडे पॉइनसेटियाच्या कुंड्या आहेत. दिसतात लाल फुलं, पण ती खरं तर पानं. फुलं म्हणजे मधले पिवळे बारीक ठिपके. हे झाड मूळचं मेक्सिकोचं. दिवस लहान झाले, रात्री सलग बारा-चौदा तास अंधार मिळाला, तरच त्याची वरची पानं लाल होतात. शहरात अंधार मिळणार कुठून? आमच्या गल्लीत रस्त्याच्या दिव्याचा उजेड थेट गॅलरीत पडतो. म्हणून काकू ऑक्टोबरपासून रोज संध्याकाळी पाच-साडेपाचला कुंड्यांवर पुठ्ठ्याची खोकी पालथी घालतात आणि सकाळी आठला काढतात. एखाद्या रात्री खोकं राहिलं तर झाड मागे पडतं. गावाला जायचं तर खोक्यांची जबाबदारी आमच्याकडे येते. डिसेंबरात त्या कुंड्या दाराच्या दोन्ही अंगांना उभ्या राहतात तेव्हा येणारे विचारतात, कुठल्या नर्सरीतून आणल्या? काकू नुसत्या हसतात. फांदी मोडली तर पांढरा चीक येतो, तो हाताला लागू द्यायचा नाही, एवढं बजावतात.

दुसरी तयारी गोठ्यासाठी, म्हणजे येशूजन्माच्या देखाव्यासाठी. गहू रात्रभर भिजवून उथळ ट्रेमध्ये मातीवर दाट पसरायचे, वर मातीचा पातळ थर, रोज पाण्याचा हबका. आपल्या घटासारखंच हे, पण एक फरक आहे. देवघराच्या कोपऱ्यातले घटाचे अंकुर उजेडाविना पिवळसर, नाजूक वाढतात आणि तसेच ते शोभतात. गोठ्याभोवती कुरण हवं, ते हिरवंगार हवं, म्हणून काकू ट्रे खिडकीत ठेवतात आणि रोज फिरवतात, नाहीतर सगळी पाती उजेडाकडे झुकतात. पुण्याकडच्या थंडीत चार-पाच बोटं वाढायला दहाएक दिवस लागतात. त्याहून आधी पेरलं तर नाताळपर्यंत पाती लोळतात.

गोठा चपलांच्या रॅकच्या जागी बसतो. रॅक तेवढे दिवस घरात. पेंढा फळवाल्याकडच्या पेटीतला, छप्पर उरलेल्या कामट्यांचं, मागचा डोंगर कागदाला रंग देऊन चुरगाळलेला. इटलीत ग्रेच्चो गावी १२२३ साली संत फ्रान्सिसने खऱ्या बैल-गाढवासह गव्हाणी मांडली, तेव्हापासून ही प्रथा रुजली. इथे मांडताना काकांचं पहिलं माप गॅस सिलिंडरचं असतं. सिलिंडर खांद्यावर घेऊन माणूस वर चढतो, त्याला वळता आलं पाहिजे. जिना अडवून केलेली सजावट त्यांना मान्य नाही, आणि ते अगदी बरोबर आहे. वायरही मीटरच्या बाजूने जात नाही, ती घरातून दारावरच्या झडपेतून येते. पेंढा आणि मेणबत्ती यांची गाठ कधीच घालायची नाही. मेणबत्त्या आत, टेबलावरच्या हिरव्या चक्रात. तीन जांभळ्या, एक गुलाबी, दर रविवारी एक वाढवत.

गोठ्यात मरिया, योसेफ, मेंढपाळ, गाय असतात, पण गव्हाणी रिकामी. बाळाची मूर्ती कपाटात कापसात गुंडाळलेली. ती २४ तारखेला रात्रीचा मिस्सा करून परतल्यावर घरातलं सगळ्यात लहान माणूस ठेवतं. आणि मागी? पूर्वेकडून आलेले ते तीन ज्ञानी अजून पोहोचलेलेच नसतात. काकू त्यांना जिन्याच्या सगळ्यात खालच्या पायरीवर, भिंतीच्या कडेला उभं करतात आणि मधूनमधून एकेक पायरी वर चढवतात. ६ जानेवारीला, प्रकटीकरणाच्या सणाला, ते दारात पोहोचतात. इमारतीतल्या पोरांना हा प्रवास पाठ आहे. शाळेतून येताना ते आधी मागी कुठवर आले ते बघतात. त्यातल्या एकाचाही पाय मूर्तीला लागलेला मी पाहिला नाही.

दारावरचं गोल चक्र सगळ्यात शेवटी होतं, कारण ते ताजं हवं. मोरपंखीच्या डहाळ्या आणि सुरूची दोन-चार पाती तारेच्या कड्यावर हारवाल्याच्या पद्धतीने, म्हणजे एक जुडी बसवून तिच्या देठावर दुसरी, अशी बांधत जायची. सगळ्यांची टोकं एकाच दिशेला. जाळीच्या दारावर ते लावतात, आतल्या लाकडी दारावर नाही, कारण दोन दारांच्या फटीत ते चेंगरतं. चौकटीवर मात्र झेंडूचंच तोरण असतं. एका पाहुण्याने यावर नाक मुरडलं होतं. मला ते तोरण या सगळ्या सजावटीतलं सर्वांत सुंदर वाटतं. राहुरीकडच्या घरात सणाला झेंडू लागतो, मग तो सण दसऱ्याचा असो की नाताळचा.

२४ च्या संध्याकाळी उंबऱ्यापुढच्या दोन फरश्यांवर रांगोळी. घंटा, मेणबत्ती आणि मधे पाच टोकांचा तारा. त्याही ताऱ्याला काका जिगवरून माप काढून देतात. मग कॅरल गाणारी मंडळी येतात, ढोलकी असते, करंज्या-चकल्यांची ताटं निघतात, आणि आमच्यासारखे वरखालचे सगळे त्या जिन्यात दाटीने उभे राहतात. रांगोळी फिसकटते. काकूंना त्याचं काही वाटत नाही. कुणी आलंच नाही तर ती काढायची कशाला, म्हणतात.

सण संपल्यावर कागद फाडून काढतात, पाच टेकू काढले की सांगाडा पुन्हा सपाट होतो आणि प्लायवुडच्या जिगसोबत माळ्यावर जातो. नीट ठेवला तर चार-पाच वर्षं टिकतो. तुम्हाला यंदा करून पाहायचा असेल तर कामट्या दिवाळीतच जास्तीच्या आणून ठेवा, पॉइनसेटियावर ऑक्टोबरपासून खोकं घाला आणि गहू १३ डिसेंबरच्या रात्री भिजत टाका.