लम्पीची पत्रिका गाईशी किती जुळते?

नशिराबादवरून जळगाव-भुसावळ ये-जा करणाऱ्या खान्देशी शेतकऱ्याला ‘लम्पी’ काय ते सांगावं लागत नाही. गुरांच्या या विषाणूजन्य रोगाच्या २०२२च्या साथीतली राज्यातली पहिली नोंद ऑगस्टमध्ये आपल्याच जिल्ह्यात, रावेर तालुक्यातल्या चिनावलला झाली. कुठलाही विषाणू प्रथिनं बनवतो ती यजमानाच्या पेशीतल्या यंत्रणेवर. मग दोघांचे गुण जुळतात किती? तेही मोजतात!

६१ शब्द, २० अर्थ. जनुकाची अक्षरं चार: ए, टी, जी, सी. त्यातली तीन-तीन अक्षरं म्हणजे एक कोडॉन. एकूण कोडॉन ६४. त्यातले तीन ‘थांबा’ सांगतात, उरलेले ६१ मिळून २० अमिनो आम्लं. मेथिओनिनला एकच कोडॉन, ल्युसिनला मात्र चक्क सहा. ही लिपी उलगडणाऱ्यांत आपले हरगोबिंद खुराना. १९६८चं नोबेल त्यासाठीच.

गुण मोजायचे कसे? शार्प आणि ली यांनी १९८७ मध्ये सूत्र दिलं. एकेका अमिनो आम्लासाठी यजमान जो कोडॉन सगळ्यात जास्त वापरतो, तो लाडका कोडॉन १ गुणाचा, बाकीचे त्या प्रमाणात. माणसात ल्युसिनसाठी ‘सीटीजी’ सुमारे ४० टक्के वेळा येतो, ‘सीटीए’ जेमतेम ७ टक्के. म्हणून सीटीएला ०.१८ च्या आसपास. शेवटी सगळ्यांची भूमितीय सरासरी. एक १चा आणि एक ०.१८चा घेतला, तर साधी सरासरी ०.५९ आणि भूमितीय ०.४२. एक नापास कोडॉन सगळ्यांना खाली ओढतो!

लम्पीचं काय? त्याच्या जनुकसंचात तब्बल ७३ टक्के ‘ए’ आणि ‘टी’. गाईच्या जनुकांना कोडॉनचं तिसरं अक्षर जास्त करून ‘जी’ नाहीतर ‘सी’ लागतं. म्हणजे पत्रिका जुळत नाही, तरी संसार जोरात!

केळीवरचा मावा. केळीवरचा ककुंबर मोझॅक विषाणू हजाराहून जास्त वनस्पतींवर जगतो, त्याला पसरवतो मावा. पण माव्याच्या पेशीत तो वाढतच नाही, त्यामुळे माव्याशी गुण जुळवायची गरजच नाही. डेंग्यू डासातही वाढतो, माणसातही. त्याला दोन्ही घरं सांभाळावी लागतात.

स्वतःचं सामान घेऊन येणारा. जिवाणूंना ग्रासणारा टी-४ विषाणू कोडॉन वाचणारे आठ टी-आरएनए स्वतःच्याच जनुकांत बाळगतो.

मुद्दाम मोडलेली जुळणी. २००८ मध्ये अमेरिकेत पोलिओ विषाणूच्या कोडॉनांच्या जोड्या अशा फिरवल्या, की प्रथिन तेच राहिलं, पण विषाणू मलूल पडला. लसीसाठी अशी युक्ती सोन्यासारखी.

तेव्हा गुणांचा आकडा फक्त जुळणी सांगतो, रोगाचा जोर नाही. गुण कमी म्हणून गोठ्यात निर्धास्त राहू नका. जनावरांना लस वेळेवर टोचून घ्याच.