सुगरणीचे घरटे आणि स्वाध्यायाची वही

छत्रपती संभाजीनगरातील (पूर्वीच्या औरंगाबादेतील) दिल्ली दरवाजानजीकचा जुना खिजरी तलाव, ज्यास आज आपण सलीम अली सरोवर म्हणतो, त्याच्या काठी पाणकणसांतून डोकावणारी जांभळी पाणकोंबडी आणि स्वस्थ तरंगणारी हळदीकुंकू बदके न्याहाळत स्वाध्यायाची वही भरणाऱ्या माझ्यासारख्या विद्यार्थ्याला, ज्यांचे नाव या जलाशयास लाभले त्यांच्या अभ्यासपद्धतीविषयी चार शब्द लिहावेसे वाटतात. विद्यापीठाची पदवी पदरी नसताना पक्षितज्ज्ञ सलीम अलींनी १९३० च्या पावसाळ्यात अलिबागनजीक किहीम येथे सुगरण पक्ष्यांच्या वसाहतीचे निरीक्षण केले, आणि नर अर्धेच घरटे विणून थांबतो, मादीने ते पारखून पसंत केल्यावरच पुरे करतो, व ती अंड्यांवर बसताच दुसऱ्या मादीसाठी नवे घरटे विणावयास घेतो, ही हकीकत तपशीलवार नोंदली. पुढे निजामाच्या मुलखातील पक्ष्यांची पाहणीही त्यांनीच केली. आपले शहर तेव्हा त्याच संस्थानात होते.

या पद्धतीचे मोठेपण मला चिकाटीइतकेच क्रमात दिसते: आधी दिनांक, वेळ, हवामान, झाड; मग पक्ष्याची कृती, जशी दिसली तशी; अनुमान अगदी शेवटी, आणि तेही वेगळ्या रकान्यात. दुर्बीण नसली तरी अडत नाही. पावसाळ्यात गावाबाहेरच्या विहिरीवर झुकलेल्या एखाद्या बाभळीजवळ, घरट्यांपासून पुरेसे अंतर राखून बसावे. शिरस्त्राणाच्या आकाराची अर्धवट घरटी दिसली, की त्यांतील कोणते पुरे होते आणि कोणते तसेच लोंबत राहते, याची नोंद रोजच्या रोज करावी.