झाओ दान : अभिनय आणि राजसत्ता

चिनी बोलपटाच्या इतिहासात झाओ दान (१९१५–१९८०) यांचे स्थान अनन्यसाधारण आहे. १९३७ साली शांघायमध्ये निर्माण झालेल्या ‘क्रॉसरोड्स’ व ‘स्ट्रीट एंजल’ या चित्रपटांनी ते लोकप्रिय झाले. तथापि त्यांच्या कारकिर्दीचा विचार करताना भूमिकांइतकाच रिकाम्या वर्षांचाही विचार करावा लागतो. १९३९ मध्ये नाट्यकार्यासाठी ते शिनजियांगला गेले असता तेथील सत्ताधीश शेंग शिचाय याने त्यांना सुमारे पाच वर्षे तुरुंगात डांबले.

अध्यापकांना विशेष उद्बोधक वाटावा असा चित्रपट म्हणजे ‘द लाइफ ऑफ वू शुन’ (१९५०). भिक्षा मागून गरिबांच्या मुलांसाठी शाळा काढणाऱ्या वू शुनची ती कथा. भीक मागून शाळा काढणे म्हणजे जुन्या सरंजामी व्यवस्थेपुढे लोटांगण होय, असे माओंना वाटले. मे १९५१ मध्ये ‘पीपल्स डेली’तून चित्रपटावर कठोर टीका झाली, आणि प्रमुख भूमिका करणाऱ्या झाओंनाही तिची झळ पोहोचली.

१९५९ मध्ये त्यांनी अफूबंदीसाठी झगडणारा लिन झेशू साकारला. (त्या अफूपैकी माळव्याची अफू मुंबई बंदरातूनच जात असे.) सांस्कृतिक क्रांतीत त्यांना पुन्हा पाच वर्षे बंदिवास घडला; त्यांचे दिग्दर्शक झेंग जुनली तर १९६९ मध्ये कोठडीतच मरण पावले. सुटकेनंतर झाओंना एकही भूमिका मिळाली नाही. कलेच्या बारीकसारीक बाबींत पक्षाने हस्तक्षेप केल्यास कलेला भवितव्य उरत नाही, असे प्रतिपादन करणारा त्यांचा लेख ८ ऑक्टोबर १९८० रोजी त्याच ‘पीपल्स डेली’त प्रसिद्ध झाला. १० ऑक्टोबरला त्यांचे निधन झाले.